तिकीट हवे, पाकीट नको?

पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून सोडवावे, टिपकागदावर वाळवावे आणि वहीत चिकटवावे, या उद्योगास आपल्या सुशिक्षित घरांत तिकिटसंग्रह म्हणतात. आम्ही त्यास नासधूस म्हणतो.

तिकीट म्हणजे केवळ टपालहशिलाची पावती. पत्र कोठून निघाले, केव्हा निघाले आणि कोणास पोचले, हे शिक्के व पत्ता सांगतात. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुनेपलीकडे नैनीस सुमारे ६,५०० पत्रे विमानाने नेली. त्यांवरची तिकिटे नित्याच्या वापरातलीच होती. मग पाकीट आणि त्यावरचा खास शिक्का टाकून दिल्यावर त्या उड्डाणाचे उरले काय?

मॉरिशसहून १८५० साली मुंबईतील बायबल सोसायटीच्या चिटणिसास आलेले एक पाकीट आहे. त्यावर १८४७ च्या ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटांपैकी एक पेनीची दोन तिकिटे आहेत. १९६८ साली ते ३,८०,००० डॉलरांस विकले गेले. कोणा हौशी गृहस्थाने ती तिकिटे सोडविली असती, तर ती मौल्यवान राहिली असती खरी; परंतु त्यांचा मुंबईशी आलेला संबंध वाटीतल्या पाण्याबरोबर मोरीत गेला असता.

‘बदलीच्या नोकरीत हा पसारा कोणी वाहावा?’ असे आमचे अधिकारी मित्र विचारतात. टिपणीखालची सही तेवढी कापून ठेवून फाईल रद्दीत घालणाऱ्या कारकुनास हेच मित्र क्षमा करतील काय? शिवाय पाकिटांस जागा ती किती लागते? बुटांचे एक खोके पुरे.

किंबहुना बदलीची नोकरी हेच ती जपण्याचे कारण होय. गावाहून निघालेले, जुना पत्ता खोडून नव्या ठाण्याकडे धाडलेले, चार शिक्के अंगावर घेऊन आलेले पाकीट पाहा. सेवापुस्तकात बदलीची तारीख असते. त्या तारखेनंतरही घरचे माणूस आपणांस शोधीत होते, ही नोंद केवळ पाकिटावर सापडते.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले. तशी जुनी पाकिटे आता नव्याने निघणार नाहीत. तेव्हा ट्रंकेतील पाकिटे आहेत तशी राहू द्या. त्यांस चिकटपट्टी लावू नका आणि मागची बाजू फाडू नका. पोचल्याचा शिक्का बहुधा तेथेच असतो. मुलांना छंद अवश्य लावा, पण त्यांच्या हाती पाण्याची वाटी देऊ नका. भिंग द्या.