वाडीने घातलेला हार

निकाल लागले, आवणी उरकली, की शहापूर-मुरबाडकडे गुणगौरव सोहळे सुरू होतात. कुणबी समाजाचा, आगरी समाजाचा, कुठल्या पतपेढीचा. मंडप, सन्मानचिन्हं, वह्यांचे गठ्ठे. त्याबद्दल कुणी शब्द काढत नाही. पण ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पोरांनी पदवी घेतली आणि त्यांच्या माणसांनी 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाला त्यांना बोलावून हार घातला, की प्रश्न येतो : कॉलेजात सगळ्यांबरोबर पदवी मिळालीच ना? मग हे वेगळं कशाला?

मला हा प्रश्न कुचक्या माणसांनी विचारलेला नाही. माझ्या जवळच्या, जात न मानणाऱ्या मित्रांनी विचारला आहे. त्यांचं म्हणणं असं, की विद्यापीठ ही एक तरी जागा अशी आहे जिथे सगळ्यांच्या कागदावर सही एकाच कुलगुरूंची असते. तिथल्या आनंदातही जमातींचे मांडव वेगळे पडले, तर पोरं एकमेकांच्या जवळ येणार कधी? असा वाद अमेरिकेतही झाला. कोलंबिया विद्यापीठात कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, तिथले मूळनिवासी आणि घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, यांचे निराळे सोहळे होतात म्हणून 2021 साली गदारोळ उठला. हे सोहळे ऐच्छिक आहेत आणि मुख्य समारंभ सगळ्यांचा एकच आहे, असा खुलासा विद्यापीठाला करावा लागला. हार्वर्डने तर 2025 मध्ये अशा सोहळ्यांना जागा आणि पैसा देणंच थांबवलं.

आक्षेपाचं वजन मी मानतो. पण तो उभा आहे तो एका समजुतीवर : मुख्य समारंभ खरोखर सगळ्यांचा असतो.

मुंबई विद्यापीठाचा दीक्षांत समारंभ फोर्टात होतो, अलीकडे बहुतेक हिवाळ्यात. त्यामागोमाग कॉलेजांचे पदवीप्रदान समारंभ. आता कातकरी घराचं वर्ष बघा. दिवाळी झाली की बयाणा घेतलेलं कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडाशी वाडीवर परततं. म्हणजे पोराचं नाव पुकारलं जातं तेव्हा आई चिखल मळत असते आणि बाप विटा थापत असतो. एक दिवसाचा खाडा म्हणजे उचल फिटायला आणखी उशीर. शहापूरला निदान आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशनं आहेत. मुरबाडला रेल्वेच नाही, एसटीने कल्याण गाठायचं आणि मग पुढे. समारंभाच्या पत्रिकेवर ‘पालकांसह उपस्थित राहावे’ असं छापलेलं असतं. ही आई त्या वाक्यात कधीच नव्हती. पावसाळ्यात, वाडी घरी असताना, आपल्या माणसांनी भरवलेल्या सोहळ्यात ती पहिल्यांदा पोराला पदवीसह बघते. याला फूट कसं म्हणायचं? जिला आधीच बाहेर ठेवलं होतं, तिला आत घेणं आहे हे.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. आदिवासी पोराला त्याची जमात विसरू कोण देतं? प्रवेशाच्या अर्जावर रकाना, शिष्यवृत्तीच्या अर्जावर रकाना, शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात रकाना, वसतिगृहात रकाना. जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी काढत फिरायचं. वर्गात कुणी ‘सवलतवाला’ म्हटलं तर तेही ऐकून घ्यायचं. अडचणीच्या प्रत्येक दारावर जमात सांगायला लावायची, आणि आनंदाच्या एका दिवशी ‘आता तू फक्त विद्यार्थी’ म्हणायचं, हा न्याय मला पटत नाही.

आणखी एक आक्षेप साधासुधा आहे : एवढ्याशा पदवीचं कौतुक कशाला, पोरं शेफारतात. याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 1956 साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत एक आठवण सांगितली आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांनी अभिनंदनाची सभा घ्यायचं ठरवलं. इतर समाजांच्या मानाने त्यात कौतुक करण्यासारखं फारसं नव्हतं, हे तेच लिहितात. पण तिथवर पोचलेला तो त्या समाजातला पहिला मुलगा होता. वडिलांनी साफ नकार दिला, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. लोक हटले नाहीत. त्यांनी वडिलांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना मध्ये घातलं आणि सभा झाली. अध्यक्ष केळुसकर, दुसऱ्या जातीचे. त्यांनी मुलाला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. तिथून काय सुरू झालं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. हाच मुलगा पुढे 1913 मध्ये कोलंबियाला गेला.

त्या सभेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. ती एका समाजाने, आपल्या मुलासाठी, आपल्या हिमतीवर भरवली होती. आणि तिचं दार उघडं होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे माझ्या मित्रांच्या लक्षात येत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82.3 टक्के होती, अनुसूचित जमातींची 65.7. ही नुसत्या लिहिता-वाचता येण्याची गोष्ट झाली. पदवी त्याच्या किती पुढे! केंद्राने कातकऱ्यांना विशेष असुरक्षित आदिम जमातींत धरलं आहे. त्यांच्या वाडीतला पहिला पदवीधर ही त्या वाडीसाठी इंग्रजी चौथीइतकीच मोठी घटना आहे.

एक मात्र मी मान्य करतो. काही सोहळ्यांत पोरं तीन तास ताटकळतात आणि पुढारी भाषणं ठोकतात. फलकावर नेत्याचा चेहरा हातभर, पदवीधरांची नावं वाचताही येणार नाहीत एवढी बारीक. हे बंद झालंच पाहिजे. आणि एखाद्या कॉलेजाने उद्या ‘तुमचा सोहळा तुमच्याकडे होतो ना’ म्हणून या पोरांना मुख्य मंचावरून टाळलं, तर त्या दिवशी मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने उभा राहीन.

माझ्या त्या मित्रांना यंदा मी आमंत्रण घेऊन जाणार आहे. भाषण करायचं नाही. खाली, भट्टीवरून परतलेल्या आयाबायांच्या शेजारी बसायचं, आणि येताना मुलांसाठी एखादं चांगलं पुस्तक आणायचं.