सायकलीचे विमानभाडे घेता, तर हमीही द्या
दोन चाकांवर | पांथस्थ

रविवारी पहाटे ठाण्याहून येऊरच्या चढावर किंवा कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघणाऱ्या सायकलस्वारांची हौस आता जिल्ह्याच्या सीमेत मावेनाशी झाली असून, मनाली-लेहचा मार्ग अथवा केरळचा किनारा स्वतःच्याच सायकलीवरून पाहण्याचे मनसुबे आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतही रचले जाऊ लागले आहेत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी 2018 साली सुमारे 29,000 किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा खंडाखंडांमधले समुद्र त्यांनाही सायकलीसह विमानानेच ओलांडावे लागले. त्यातच 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यामुळे शिळफाटा-तळोजा मार्गाने जाणाऱ्या कल्याण-डोंबिवलीकरांना विमान जवळचे झाले आहे. म्हणून अल्पदराच्या विमानातून सायकल सुखरूप कशी न्यावी, याचा विचार विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते.

पहिला प्रश्न वजनाचा आणि मापाचा. देशांतर्गत तिकिटात बहुधा 15 किलो सामानाची मुभा असते, आणि बारा किलोची सायकल तीन-चार किलोच्या खोक्यात ठेवली की ती मुभा तेथेच संपते. लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज 158 सेंटिमीटर असावी हा विमानांचा सर्वसाधारण शिरस्ता आहे, तर सायकलीच्या खोक्याची बेरीज सवादोनशेच्या आसपास जाते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच त्या कंपनीचे क्रीडासाहित्याविषयीचे नियम वाचावेत, सायकल नेत असल्याचे कळवून शुल्क आगाऊ भरावे आणि मिळालेले उत्तर लेखी स्वरूपात जवळ बाळगावे.

खोक्यावर पैसे खर्चण्याचे मात्र कारण नाही. नव्या सायकली जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांतून अर्धवट जोडलेल्या अवस्थेत दुकानात येतात आणि ते खोके पुढे रद्दीतच जातात. ओळखीच्या दुकानदाराकडे आठवडाभर आधी शब्द टाकून ठेवावा. बांधणी करताना एकच तत्त्व ध्यानी धरावे, ते असे की, खोक्यावर बाणाच्या कितीही खुणा केल्या तरी तो आडवा पडणार आणि त्यावर इतरांच्या बॅगा रचल्या जाणार. पायडले काढावीत, डाव्या पायडलचे आटे उलटे असल्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास सुटते, हे ठाऊक नसल्याने अनेकांची अर्धी सकाळ वाया जाते. पुढचे चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार बसवावा, अन्यथा बाजूने दाब येताच ती टोके आत वाकतात. मागचा डिरेलर हा सर्वांत नाजूक अवयव. तो सोडवून, कापडात गुंडाळून चौकटीच्या आत बांधावा. डिस्क ब्रेक असल्यास पॅडांमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवावी, म्हणजे प्रवासात ब्रेक दाबला गेला तरी पॅड मिटणार नाहीत. हँडल सोडवून चौकटीला समांतर बांधावे, आणि वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांवर जो काळा फोम चढवतात तो चौकटीच्या प्रत्येक नळीवर चढवावा.

टायरमधील हवा बरीचशी सोडावी, कारण तपासनीस ती सोडण्यास सांगतात. वस्तुतः विमानाचा मालकक्षही दाबयुक्त असतो आणि दाबातील फरक जेमतेम पाव वातावरणाइतका असल्याने चांगला टायर फुटण्याची भीती नसते. तथापि नियमाशी वाद घालू नये, आणि रिमच्या रक्षणापुरती थोडी हवा ठेवावी. पाने व ॲलन की खोक्यातच ठेवावीत, हातातल्या पिशवीत नव्हे. पॉवर बँक मात्र हातातच असावी. विजेवर चालणाऱ्या सायकलीची बॅटरी 160 वॅट-अवरपेक्षा मोठी असेल, आणि बहुतेकांची असतेच, तर ती प्रवासी विमानात चालत नाही. सुरक्षा तपासणीत खोका उघडला जाण्याचा संभव असल्याने चिकटपट्टीची एक गुंडाळी जवळ असावी.

इतका बंदोबस्त करूनही नुकसान झाले तर काय, हा खरा प्रश्न आहे. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीबद्दल कंपनीचे दायित्व प्रवाशामागे 20,000 रुपयांपर्यंत मर्यादित आहे, आणि चांगल्या सायकलीची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. म्हणून खोका बंद करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, सायकलीची पावती जपावी, विमानतळ सोडण्याआधीच खोका उघडून पाहावा, नुकसान दिसताच तेथेच लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, आणि कोणत्याही परिस्थितीत तक्रारीची सात दिवसांची मुदत चुकवू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते; डोंबिवलीकराला त्यासाठी ठाण्यापलीकडे जावे लागत नाही.

परंतु सारी दक्षता प्रवाशाने घ्यायची आणि शुल्क तेवढे कंपनीने घ्यायचे, हा न्याय नव्हे. रेल्वेच्या पार्सल दप्तरात सायकल ही नोंद करून, भाडे आकारून व पावती देऊन स्वीकारण्याची वस्तू म्हणून कित्येक पिढ्या मान्य आहे. विमान कंपन्यांनीही सायकलीचा एकच ठरावीक दर जाहीर करावा, योग्य मापाचा खोका विमानतळावर माफक किमतीत उपलब्ध ठेवावा, आणि सायकलीची किंमत आगाऊ घोषित करून वाढीव हमी घेण्याची सोय तिकिटाबरोबरच द्यावी. नवी मुंबईचा विमानतळ नवा आहे, तेथील शिरस्ते अजून घडावयाचे आहेत. ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या सायकल मंडळांनी ही मागणी एकत्रितपणे, लेखी स्वरूपात आणि याच वर्षी करावी.