खेळातली शिस्त आणि संघाचा विनय

गेल्या पौर्णिमेला फुलचूरच्या आमच्या विहारात वंदना आटोपली. सारे घरी गेले, पण एक माउली थांबून राहिली. म्हणाली, "भाऊ, माझ्या पोराला पोरांनी खेळातून काढलं. दोन दिवस झाले, धड जेवत नाही." मला वाटले, क्रिकेटचा वाद असेल. चौकशी केली तर खेळ मोबाईलवरचा निघाला.

ज्या पालकांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. माईनक्राफ्ट नावाच्या खेळात ठोकळे रचून घरे, पूल, गावे बांधतात. इंटरनेटवर सर्व्हर घेतला, म्हणजे एक सामाईक मैदान घेतले, की कुणी गोंदियात, कुणी नागपुरात बसून एकत्र खेळू शकतो. सर्व्हर ज्याच्या हाती तो अ‍ॅडमिन. नियम मोडणाऱ्याचे बोलणे तो बंद करू शकतो, त्याला बाहेर काढू शकतो किंवा बॅन, म्हणजे प्रवेशबंदी करू शकतो. एक ओळ टाईप केली की काम झाले. ना चौकशी, ना सुनावणी.

आमच्या पोरांनी तीन आठवडे खपून त्या खेळात दीक्षाभूमीचा स्तूप बांधला होता. एका रात्री कुणीतरी त्याचा घुमट फोडला. कोणी कोणता ठोकळा काढला याची नोंद त्यांच्या सर्व्हरवर राहत होती. त्या नोंदीत या माउलीच्या मुलाचे नाव निघाले आणि तात्काळ बॅन!

अ‍ॅडमिन पोरगा आयटीआयला शिकतो. मी त्याला विचारले, "त्याचे म्हणणे ऐकलेस का?" तो म्हणाला, "काका, नोंदीत नाव दिसतंय. ऐकायचं काय?" मी कारकून माणूस. आमच्याकडे कुणावर साधी कारवाई करायची तरी आधी लेखी खुलासा मागवतात. मी दोघांनाही विहारात बसवले.

मुलाने मान खाली घालून कबूल केले, घुमट मीच फोडला. कारण? त्याचे वडील घंटागाडीवर काम करतात. खेळताना तो आला की बाकीची पोरे "घंटागाडी आली, कचरा काढा" म्हणत. चिडवणारे कोणी परके नव्हते, सगळे आपलेच, जयभीम म्हणणारे! ठोकळा फोडू नये असा नियम होता. माणसाचे मन मोडू नये असा नियमच नव्हता.

बंधू-भगिनींनो, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत परमपूज्य बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कार्यपद्धती या देशाला नवी नाही. ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम भिक्खू संघात होते. त्याच संघाचा विनय म्हणजे शिस्तीचा कायदा. तथागतांनी बहुतेक नियम आधी बसून केले नाहीत. चूक घडली तेव्हा नियम केला. नियम होण्यापूर्वी पहिल्यांदा चुकलेल्याला त्या नियमाचा दोष लागत नसे. दुसरे, सम्मुखाविनय. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या समोरच निवाडा व्हावा, पाठीमागे नव्हे. तिसरे उदाहरण छन्नाचे. सिद्धार्थाचा हा सारथी भिक्खू झाला, पण गर्वाने कुणाला जुमानेना. तथागतांनी अखेरच्या काळात त्याला ब्रह्मदंड सांगितला, म्हणजे कुणीही त्याच्याशी बोलू नये. मारहाण नाही, शिवी नाही. छन्नाला पश्चात्ताप झाला, तो अर्हत झाला आणि दंड संपला. सुधारण्याची वाट मोकळी ठेवते तीच खरी शिक्षा.

पोरांना हे पटले. बॅन उठला. घुमट फोडणारा आणि चिडवणारे मिळून तो पुन्हा बांधणार, असे ठरले. नियम वहीत लिहिले: कुणाच्या आईबापाच्या कामावरून बोलायचे नाही. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी तीन दिवस बोलणे बंद. तिसऱ्या वेळी तिघांसमोर म्हणणे ऐकून मगच प्रवेशबंदी. अ‍ॅडमिनच्या जिवलग मित्रालाही हाच नियम.

एक गोष्ट मात्र वेगळी. अनोळखी माणसाने खेळात येऊन जातिवाचक शिवी दिली, तर समज देत बसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, शिवी बोलण्यातून असेल तर रेकॉर्डिंग ठेवा, मग त्याला बाहेर काढा आणि घरी सांगा. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा आहे. २०२१ पासून १४५६६ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. "खेळच तर आहे" म्हणून पोराला गप्प बसवू नका.

आणि पालकांनो, मोबाईल हिसकावण्याआधी पोराजवळ पाच मिनिटे बसा. कुणासोबत खेळतोस, तिथे नियम कोण करतो, तुला कोणी काही बोलते का, एवढे विचारा. त्या माउलीने हे विचारले नसते, तर पोराच्या मनातली घंटागाडी कुणालाच कळली नसती.

जयभीम!