तानपुरा मोबाईलमध्ये आला, पण चुकलेला सूर सांगणार कोण?

सांगली : मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण जत, आटपाडीकडच्या गाणं शिकणाऱ्या पोरांना मिरजेचा तानपुरा परवडत नाही. त्यांचा तानपुरा मोबाईलमध्ये असतो.

यात वाईट काही नाही. काळी दोन असो की पांढरी चार, आपली पट्टी लावायची, तीनतालाचा ठेका हव्या त्या लयीत सुरू करायचा आणि रियाजाला बसायचं. तबलजीची वाट बघायला नको. साथीचा प्रश्न फोनने बऱ्यापैकी सोडवला.

अडचण येते ती शिकवणीत. व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरा पोचतो. बोलताना ते जाणवत नाही, तालात मात्र लगेच कळतं. गुरुजींनी ठेका धरला आणि पोरगं त्यावर गायलं, तरी गुरुजींना ते मागे पडलेलं ऐकू येतं. म्हणजे दोघांना एकत्र गाता येत नाही. वर तानपुऱ्याचा सलग सूर कॉलच्या ॲपला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो गाळून टाकतं. शिकवणीआधी सेटिंगमध्ये जाऊन ही गाळणी बंद करावी. अनेकांना हे माहीतच नसतं.

सूर तपासणाऱ्या ॲपचंही तसंच. सरळ लावलेला ‘सा’ बरोबर की चूक, ते सांगतं. पण दरबारीतला कोमल गंधार डोलत लागतो. ॲपच्या काट्याला ते डोलणं चूक वाटतं आणि गुरूला तोच खरा राग वाटतो. तबल्यात डग्ग्यावरचा मनगटाचा दाबही स्क्रीनवरून नीट कळत नाही.

दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. मिरज-सांगलीच्या पोराला गुरू शेजारच्या गल्लीत भेटतो, खेड्यातल्या पोराला फक्त ॲप मिळतं. परीक्षकासमोर मात्र दोघं एकाच मापाने मोजली जातात.

मार्ग फार खर्चिक नाही. रोजचा रियाज फोनवर करावा आणि त्याचं रेकॉर्डिंग गुरुजींना पाठवावं. महिन्यातून एक-दोनदा तरी शाळेच्या खोलीत किंवा देवळाच्या सभामंडपात समोरासमोर तास व्हावा. खोली गावाने द्यावी, गुरुजींचं मानधन आणि गाडीभाडं पालकांनी वाटून घ्यावं. गावच्या भजनी मंडळातला जाणता पखवाजीही तालाचा कान तयार करू शकतो. त्याला आधी विचारा तरी!