शॉकअप नवे, टायरॉड जुनाच!



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या बोलण्यात तीनच विषय असतात : भाव, उतारा आणि तोडणीची पाळी. ते असायलाच पाहिजेत. पण ज्या पिकअपमधून आपण बेणे, खत, मिरचीची पोती शिवारातून मौद्यापर्यंत आणतो-नेतो, तिच्या चाकांपाशी काय चालले आहे, हा विषय कोणी काढत नाही. म्हणून आज आम्ही तो काढतो.

आमच्याच घरचे सांगतो. माल भरून गाडी हमरस्त्याला लागली, पन्नासच्या पुढे गेली आणि खड्डा आला की स्टेअरिंग असे थरथरायचे, की हात सुटायची वेळ. मिस्त्री म्हणाला, शॉकअप गेले. चारही नवे, महागातले बसवले. मग कोणी सुचवले म्हणून स्टेअरिंगचा आडवा शॉकअपही लावला. पंधरा दिवस गाडी मुकाट चालली आणि आम्ही ते गावभर सांगत सुटलो. त्यानंतर एके दिवशी कन्हानच्या पुलाच्या अलीकडे पुन्हा तीच थरथर, पहिल्यापेक्षा जोरात. मागे चार मजूर बाया बसल्या होत्या. गाडी कशीबशी कडेला लागली. कोणाला लागले नाही, एवढेच नशीब. खाली शिरून पाहिले तर टायरॉडच्या टोकाचा सांधा हाताने खडखडत होता. दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे! मिस्त्री चुकला खरा, पण पैसे मोजून निर्धास्त झालेले आम्हीही तितकेच चुकलो.

मुळात शॉकअप भार उचलत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. भार उचलतात ते पाटे. खड्ड्यातून निघाल्यावर पाटे वरखाली नाचतात. तो नाच थांबवणे, हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून दाबून जाते, धक्क्याची उष्णता होते आणि गाडी स्थिर होते. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर टेकत-उडत चालते. उडालेल्या चाकाला ब्रेक धरत नाही आणि टायर जागोजागी खळगे पडून झिजतो. स्टेअरिंगचा शॉकअपही तसाच, फक्त आडवा. तो चाकांची डावी-उजवी थरथर गिळतो. अमेरिकेत पुढे सलग आस असलेल्या मोठ्या पिकअपना तो कारखान्यातूनच लावून येतो. पण तिकडचे जाणते मिस्त्रीही हेच सांगतात, की तो थरथर झाकतो, थरथरीचे कारण काढीत नाही. झाकलेले दुखणे आतल्या आत वाढते आणि भरल्या गाडीत, भर रस्त्यावर उघडे पडते.

म्हणून क्रम उलटा करू नका. आधी टायरची हवा आणि झीज पाहा. मग पुढचे चाक जॅकवर उचलून हाताने हलवा, म्हणजे बेअरिंग, टायरॉडचे सांधे, किंगपिन किंवा बॉलजॉइंट यांतला ढिलेपणा कळेल. पाट्यांचे यू-बोल्ट आणि बुश तपासा. चाकांचा तोल आणि अलाइनमेंट करून घ्या. हे सारे ठीक असेल आणि शॉकअपमधून तेल गळत असेल, तर शॉकअप बदला. पण एका आसावरचे दोन्ही एकदम. स्टेअरिंगच्या शॉकअपचा विचार सर्वांत शेवटी, तोही कंपनीने तुमच्या गाडीला सांगितला असेल तर. टायरॉडचा सांधा शॉकअपच्या जोडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. सुरुवात स्वस्तापासून केली तर बिघडले कुठे?

आता भाराचे. "दोन पाटे वाढवले, आता काय चिंता?" असे म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही एवढेच. ब्रेक, टायर, आस आणि स्टेअरिंग होते तेवढेच राहतात. ४० ऐवजी ६० च्या वेगाने निघालात, तर थांबवायचा जोर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. कायद्याचेही ध्यानात ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. गाडीच्या मूळ बनावटीत मनचाहा फेरफार करण्याला कलम ५२ आडवे येते.

"पांदण रस्तेच असे, गाडीचा काय दोष?" हेही खरे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चाकोऱ्या पाडते. शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. आपल्या गावाने प्रस्ताव दिला होता का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. पण रस्ता होईस्तोवर सांधा ढिलाच ठेवायचा, हा कुठला न्याय?

आमची सूचना साधी आहे. मोळी टाकण्याआधी एक दिवस काट्याजवळच्या आवारात सभासदांच्या गाड्यांची तपासणी ठेवावी. एक चांगला मिस्त्री, एक जॅक आणि हवेचे मीटर, एवढ्यात भागते. संचालक मंडळाने मनावर घेतले तर हे अवघड नाही. आणि मालाच्या गाडीत माणसे बसवणे आपण सर्वांनीच बंद करावे. त्या दिवशी आम्हीही बसवलीच होती, म्हणून हे बोलायला जीभ जड होते, पण बोलतो.

बंडीच्या काळात आपले वाडवडील आसाला वंगण दिल्याशिवाय बैल जुंपत नसत. दसऱ्याला गाडीला हार घालताना या वेळी एकदा खाली वाकून टायरॉडही हलवून पाहा. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. मागे बसलेल्या बाया मात्र संध्याकाळी आपापल्या घरी पोचल्या पाहिजेत.