डबा रिकामा झाला म्हणजे स्वच्छ झाला का?



आज घरचीच एक गोष्ट सांगतो. बातमीदारी करताना लोकांच्या चुका रोज लिहितो, ही माझी आहे.

लॉकडाऊनमध्ये घरी बसून बसून मला बागेचा नाद लागला. आपल्या म्हसवडात बाग म्हटलं की लोक हसतात. प्यायला टँकर, आणि हे निघालेत टोमॅटो लावायला! पण मी ठरवलं होतं, पैसा घालायचा नाही आणि पाणी वाया घालवायचं नाही. हॉटेलवाल्या मित्राकडून गोडेतेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे रिकामे डबे आणले. खिळ्यानं बुडाला चार-पाच भोकं, खाली विटांचे तुकडे, वर माती आणि शेणखत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या धुऊन त्यात वेल लावले. उन्हाला आडोसा म्हणून आईची दोन जुनी लुगडी बांबूला बांधली. एवढ्यावर घरापुरती वांगी, टोमॅटो, मिरची निघायला लागली. फोटो टाकले तेव्हा तुम्हीच लाइक केले होते.

मग एका उन्हाळ्यात माळशिरसकडच्या पाहुण्यांनी त्यांच्या उसाच्या रानातले पाच-पाच लिटरचे दोन पांढरे कॅन दिले. लेबल निघून गेलेलं, प्लास्टिक जाड, झाकण घट्ट. मी खूश. एकाच्या झाकणाला भोकं पाडून झारी केली. साबणानं दोनदा धुतला होता, हेही सांगतो.

आठवडाभरात टोमॅटोची पानं वळायला लागली. शेंडे पिळवटले, नवी पानं बारीक दोरीसारखी झाली. मला वाटलं रोग आला. फांदी तोडून कृषी सेवा केंद्रात घेऊन गेलो. दुकानदारानं फांदी बघितली आणि औषध द्यायच्या ऐवजी मलाच विचारलं, "दादा, पाणी कशानं घालताय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग ह्यो रोग न्हवं. उसातलं तणनाशक हाय. टू-फोर-डी. थेंबभर ऱ्हायलं तरी टोमॅटोला सोसत न्हाई."

झाडं गेली, त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. घरी आलो तर दुसरा कॅन मोरीजवळ धुऊन पालथा घातलेला. आई म्हणाली, "मंगळवारी टँकर येतोय, प्यायच्या पाण्याला ठेवलाय. चांगला मजबूत हाय."

त्या रात्री झोप लागली नाही.

मंडळी, टाकाऊपासून टिकाऊ हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जुन्या लुगड्या-धोतरांच्या थरावर थर घालून वाकळ शिवणारी ही माणसं. सायकलच्या ट्यूबची दोरी होते, फुटक्या घमेल्यात कोंबड्यांना पाणी ठेवतात, बैलगाडीचं मोडकं चाक कुंपणाला लागतं. २०१९च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत माणसांनी ताडपत्री, साड्या, बांबू जोडून जनावरांसोबत महिनोन् महिने संसार केले. आता मोबाईलवर त्यालाच इंग्रजी नाव देऊन व्हिडिओ करतात, पण आपली ती गरज होती आणि आहे.

फरक एवढाच पडलाय की आपल्या आज्यापणज्यांच्या घरात टाकाऊ म्हणजे कापड, लाकूड, माती, पत्रा. त्यातलं काही जपून वापरलं तर विष होत नव्हतं. आज घरात येणाऱ्या रिकाम्या डब्यात कालपर्यंत काय होतं, हे डबा सांगत नाही. आपण मात्र नजर तीच जुनी ठेवली. मजबूत दिसलं की उचललं.

परवा चावडीजवळ हा विषय काढला तर एक आण्णा म्हणाले, "आवं पत्रकार, आमी जन्मभर असल्याच डब्यातनं पाणी प्यालो, काय झालं?" आण्णांचा मान ठेवून सांगतो, तुमच्या तरुणपणी तो डबा तेलाचा नाहीतर तुपाचा होता. आणि काय झालं म्हणाल, तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या औषधानं विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते फवारणी करताना झालं, कॅननं नाही, मान्य. पण ज्या औषधाचा नुसता फवारा अंगावर येऊन माणूस जातो, त्याच्या डब्यात आपण पोराच्या तोंडाला लागणारं पाणी भरायचं का, एवढंच विचारतोय.

दुसरा मुद्दा खरा अवघड आहे. शेतमजूर बाईला रानात पाणी न्यायला कॅन लागतो. नवा घ्यायचा तर पैसे पडतात, बांधावर पडलेला फुकट मिळतो. तिला "वापरू नको" सांगणं सोपं आहे. पण तिच्या हातात दुसरं काय देणार? माझ्या मते उत्तर गावातच आहे. हॉटेलं, खानावळी, मंगल कार्यालयं इथं गोडेतेलाचे प्लास्टिकचे कॅन रोज रिकामे होतात. ते सोडा घालून गरम पाण्यानं धुतले की पाणी न्यायला चालतात. आज ते किलोवर भंगारात जातात. बांधावरचा विषारी कॅन आणि खानावळीतला चांगला कॅन, दोन्ही एकाच भंगाराच्या ढिगात पडतात आणि तिथून कुठला कुणाच्या घरी जाईल याचा नेम नाही. भंगारवाल्याला दोष देऊ नका. तो वजन बघतो, ते त्याचं पोट आहे.

तेव्हा माझा नियम सांगतो. कुठलीही वस्तू नव्या कामाला लावायच्या आधी एकच विचारायचं, यात आधी काय होतं? उत्तर मिळालं नाही, तर ती वस्तू पाण्याला, धान्याला, भाजीला आणि जनावरांना लावायची नाही.

निळे दोनशे लिटरचे ड्रम टँकरच्या दिवसांत सगळेच घेतात. विकणारा "लोणच्याचा होता" असं सांगत असेल तर वास घ्या, लेबलाचे अवशेष बघा. रसायनाचा वास आला तर स्वस्त असला तरी सोडा. रंगाच्या बादल्या फुलझाडांना चालतील, प्यायच्या पाण्याला नको. गाडीच्या जुन्या बॅटरीच्या पेटीत शिसं आणि आम्ल असतं, त्यात कोंबड्यांनाही पाणी पाजू नका. टायरच्या कुंड्या छान दिसतात, पण आतल्या कडेला पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून टायरला खालून भोकं पाडा आणि आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करा.

बिनधास्त करण्यासारखंही खूप आहे. माझ्या बागेला आता झारीच लागत नाही. साधा, चकाकी न केलेला मातीचा माठ झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरला, तोंडावर झाकण ठेवलं. पाझरून पाणी थेट मुळाला जातं, वाफ होऊन उडत नाही. तीन-चार दिवसांनी एकदा भरतो. जुना माठ असेल तर त्याची छिद्रं बुजलेली असतात, बाहेरून वाळूनं घासून घ्या. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून कापडाची वात घातली आणि बाटली उलटी रोवली तरी कुंडीचं काम होतं. आपल्या कोरड्या मुलखात असली बाग म्हणजे हौस नाही, पाण्याचा हिशोब आहे.

आता सरकारी बाजू. कायदा नाही असं अजिबात नाही. कीटकनाशक नियम १९७१चे आहेत. वापरलेले डबे परत वापरले जातील असे उघड्यावर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून लांब पुरावेत, असं त्यात आहे. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी ओला आणि सुका यांच्यासोबत घरगुती घातक कचऱ्याचा तिसरा डबा सांगितला. त्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं धरली होती. ती जमा करायला केंद्र काढायचं कामही स्थानिक संस्थांना दिलं. प्लास्टिक वेष्टन परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कागदावर सगळं आहे. पण लहान गावात ओला-सुका म्हणतानाच दमछाक होते, तिसरा डबा कुणी बघितलाय?

म्हणून तीन मागण्या. एक, प्रत्येक कृषी सेवा केंद्रासमोर रिकामे कॅन परत घेणारी पोती ठेवा. कॅनमागे पाच-दहा रुपये आगाऊ घ्या आणि परत आणला की द्या. सोड्याच्या बाटलीचे पैसे आपण असेच देत-घेत होतो की! दोन, घंटागाडीला घातक कचऱ्याची एक वेगळी पेटी लावा, रोज नको, महिन्यातून दोनदा पुरे. तीन, शाळांच्या "टाकाऊतून टिकाऊ" प्रदर्शनात प्रत्येक वस्तूखाली मुलांनी एक ओळ लिहावी, "यात आधी काय होतं." माणदेशी तरंग वाहिनीनं यावर एक कार्यक्रम केला तर घराघरात, रानारानात पोचेल.

शेतकऱ्यांनाही हात जोडून सांगतो. औषध संपलं की कॅनमध्ये पाव भाग पाणी घाला, अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा करा. मग बुडाला कोयत्यानं भोक पाडा. भोक पडलेला कॅन कुणी पाण्याला नेत नाही. एका कोयत्याच्या घावानं कुणाचं तरी पोर वाचेल.

जाता जाता देवराष्ट्र्याची आठवण. सांगली जिल्ह्यातल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातल्या सामानातून छोटी जीप बनवली, २०२१च्या अखेरीस ती साऱ्या देशानं पाहिली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलंच, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो दिली. मला त्यातलं हेच आवडलं. हाताच्या कारागिरीला मान दिला आणि धोका लपवला नाही. आपणही आपल्या जुगाडाला तसंच वागवू.

आई अजून म्हणते, "एवढा चांगला कॅन, उगं भोक पाडलंस." मी तिला खानावळीतला तेलाचा कॅन धुऊन आणून दिलाय. आता टँकर आला की तोच घेऊन ती रांगेत असते, आणि शेजारणीच्या हातातला कॅन बघून विचारते, "ह्यात आधी काय हुतं गं?"

तुम्हीही विचारा. आज घरातल्या मोरीपासून सुरुवात करा.