चढाओढ कीं वांटणी?

२०२५ सालच्या दिवाळीनंतरच्या पंधरवड्यांत आपल्या देशावर एक अपूर्व दानवृष्टि झाली. ३० ऑक्टोबरला गूगल व रिलायन्स या दोन कंपन्यांनीं मिळून जाहीर केलें कीं, जिओच्या ग्राहकांस, आरंभीं त्यांतील तरुणांस, जेमिनी ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सेवा अठरा महिने विनामूल्य मिळेल. तिचें मोल त्यांनींच ३५,१०० रुपये सांगितलें. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआय या अमेरिकन कंपनीनें चॅटजीपीटी गो ही सेवा भारतीयांस वर्षभर फुकट देऊं केली. हिलाच ऑगस्टमध्यें दरमहा ३९९ रुपये दर लावून तिनें बाजारांत आणलें होतें. त्यापूर्वीं जुलैमध्यें एअरटेलनें परप्लेक्सिटी नांवाच्या तिसऱ्या कंपनीची, वर्षाला १७,००० रुपयांची म्हणून सांगितलेली सेवा, आपल्या सुमारें छत्तीस कोटि ग्राहकांपुढें अशीच ओतली होती. आमच्या यावलच्या अध्यापकदालनांतहि या दानाचें कौतुक झालें. वाणिज्य शाखेचे माझे एक सहकारी चहाचा पेला खालीं ठेवीत म्हणाले, "सर, चढाओढ लागली आहे. आपली चांदी!"

हे सहकारी विद्वान् आहेत व त्यांचा हेतु शुद्ध आहे. परंतु हें वाक्य त्यांचें एकट्याचें नाहीं. वर्तमानपत्रांतील अर्थविषयक स्तंभ, सभांतील वक्ते, आमची सारी सुशिक्षितांची पंगत हेंच म्हणते : बडे लढोत, किंमती पडोत, ग्राहक सुखी होवो. हा समज भ्रामक आहे, आणि शिकल्यासवरल्या माणसांनीं तो पसरवावा ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असें मला स्पष्ट म्हणावयाचें आहे.

चढाओढ कशाला म्हणतात हें यावल तालुक्यांतील केळीवाल्याला शिकवावयास नको. घड तयार झाला कीं तो थांबत नाहीं; तो वेळेवर कापून गाडींत भरलाच पाहिजे. अशा वेळीं दोन व्यापारी बांधावर आले व एक दुसऱ्यापेक्षां क्विंटलमागें पन्नास रुपये अधिक बोलला, तर ती चढाओढ. दोघेहि सकाळीं एकाच टपरीवर चहा पिऊन एकच भाव घेऊन आले, तर ती चढाओढ नव्हे. मग त्यांच्या दुकानांवरच्या पाट्या वेगवेगळ्या कां असेनात. आणखी एक तिसरा प्रकार आहे. लागवडीच्या वेळींच एखादा व्यापारी बिनव्याजी उचल देऊन जातो. शेतकरी ती घेतो, कारण त्याला गरज असते. पण 'हा मनुष्य मोठा दानशूर' असें तो घरीं जाऊन सांगत नाहीं. माल कापणीला येईल तेव्हां भाव कोणीं बोलावयाचा, हें उचल घेतली त्याच दिवशीं ठरलें, इतकें त्याला कळतें. आमच्या पदवीधरांस तेवढेंच कळत नाहीं.

बरें, अनुभव नव्हता म्हणावें तर तसेंहि नाहीं. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली. बोलणें फुकट, इंटरनेट फुकट, प्रथम डिसेंबरअखेर आणि मग मुदत वाढवून मार्च २०१७ अखेरपर्यंत. त्या दिवसांत देशांत मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या दहांच्या घरांत होत्या. पुढील दोन वर्षांत काय झालें पाहा. रिलायन्स कम्युनिकेशन्सनें मोबाइलचा धंदा बंद केला. एअरसेल दिवाळखोरींत गेली. टेलिनॉरचा व टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलनें आपल्या पदरांत घेतला. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्यें एक झाल्या. उरल्या तीन खासगी कंपन्या व चौथी सरकारी. आणि जून २०२४ च्या शेवटीं, म्हणजे २७ व २८ या दोन तारखांत, या तिन्ही खासगी कंपन्यांनीं एकामागून एक दरवाढ जाहीर केली. ती साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान होती. तिघांनीं आधीं एकत्र बसून हें ठरविलें असें मी म्हणत नाहीं. माझ्याजवळ तसा पुरावा नाहीं. तिघेच उरले म्हणजे एकत्र बसण्याचीहि गरज राहत नाहीं, हीच तर खरी गोम आहे! ज्याला चढाओढीचा आद्य पुरस्कर्ता म्हणून आमचे अर्थशास्त्री पूजितात, त्या ॲडम स्मिथलाहि १७७६ सालींच व्यापाऱ्यांच्या सलगीची धास्ती वाटत होती. पण त्याचें नांव घेणारे फार आणि त्याचा ग्रंथ उघडणारे थोडे.

यावर असें उत्तर येतें कीं, दर वाढले तरी ते पूर्वींपेक्षां कमीच आहेत. हें खरें आहे व तें कबूल करावयास मला संकोच वाटत नाहीं. एका जीबीला जेथें शेंकडों रुपये पडत, तेथें दहा-वीस पडूं लागले. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आमच्या महाविद्यालयांत येणारा तडवी किंवा पावरा विद्यार्थी रात्रीं मोबाइलवर एखाद्या दूरच्या अध्यापकाचें व्याख्यान ऐकतो, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. मी विद्यार्थी होतों तेव्हां एका इंग्रजी टीकाग्रंथासाठीं पुण्यास पत्र टाकून महिनाभर वाट पाहावी लागे. त्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांपैकीं मी नव्हे. माझा वाद वस्तूशीं नाहीं. ती ज्या अटींवर आपल्या घरांत शिरली त्यांच्याशीं, आणि त्या अटी न वाचतां टाळ्या पिटणाऱ्यांशीं आहे.

शिवाय ज्यांना आपण प्रतिस्पर्धी समजतों ते खरोखर किती प्रतिस्पर्धी आहेत? एप्रिल २०२० मध्यें फेसबुकनें ४३,५७४ कोटि रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्यें ९.९९ टक्के भाग घेण्याचें जाहीर केलें. तीन महिन्यांनीं गूगलनें ३३,७३७ कोटि रुपयांस ७.७३ टक्के भाग घेतला. जगभर जाहिरातींच्या उत्पन्नासाठीं एकमेकांशीं झुंजणाऱ्या या दोन कंपन्या मुंबईंत एकाच पाटावर बसल्या आणि यजमानानें दोघांना वाढलें. फेसबुकच्या मालकीचें व्हॉट्सॲप, गूगलची ॲण्ड्रॉइड यंत्रणा व जिओची तार हीं तिन्ही ज्या एका मोबाइलांत नांदतात तो हातांत धरून आम्ही विचारतों, कोण जिंकणार? वऱ्हाडी मंडळींत भांडण लागलें आहे अशा समजुतीनें मांडवाबाहेर उभें राहणाऱ्या माणसासारखी आमची गत आहे.

प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा यूपीआयचा, आणि तो मी मुद्दाम येथें घेतों. एप्रिल २०१६ मध्यें राष्ट्रीय देयक महामंडळानें ही पैसे पाठविण्याची सामाईक वाट बांधली. तिच्यावरून कोणत्याहि कंपनीनें आपली गाडी न्यावी, रस्ता सर्वांचा. भाजीवालीपासून सराफापर्यंत सर्वांस तिचा उपयोग झाला, आणि अशी वाट सार्वजनिक संस्थेनें बांधावी ही कल्पना माझ्या मतें या देशांत अलीकडे झालेल्या उत्तम कल्पनांपैकीं एक आहे. पण त्या रस्त्यावर आज कोणाच्या गाड्या धांवतात? गूगलनें सप्टेंबर २०१७ मध्यें 'तेज' या नांवानें आपली सेवा आणली व पुढच्याच वर्षीं तिला गूगल पे असें नांव दिलें. फोनपे प्रथम फ्लिपकार्टच्या व मग २०१८ मध्यें वॉलमार्टच्या हातीं गेली. सुरुवातीला व्यवहारामागें बक्षीस, खरडून पाहावयाच्या चिठ्या, ओळखीच्या माणसास आणल्याबद्दल रोख रक्कम, असा खिरापतीचा थाट होता. तो ओसरला तेव्हां देशांतील यूपीआय व्यवहारांपैकीं चार-पंचमांशांहून अधिक या दोघींच्या हातांतून जात होते. नोव्हेंबर २०२० मध्यें महामंडळानें नियम जाहीर केला कीं, कोणाहि एका कंपनीचा वांटा तीस टक्क्यांवर जातां कामा नये. जुन्या कंपन्यांस पाळण्यासाठीं दिलेली मुदत प्रथम २०२२ अखेरची होती. ती २०२४ अखेरपर्यंत लांबविली, आणि पुन्हां ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. लांबविण्याचें कारण उघड आहे. एवढ्या मोठ्यांना आवरावयाचें तर कोट्यवधि लोकांचे व्यवहार अडतील, अशी भीति! म्हणजे नियम लागू करण्याइतपत त्या लहान होत्या तेव्हां नियम नव्हता, आणि नियम आला तेव्हां त्या नियमाहून मोठ्या झाल्या होत्या.

आतां या नव्या कृत्रिम बुद्धीच्या दानाकडे वळतों. येथें एक गोष्ट पूर्वींपेक्षां निराळी आहे, व ती मला माझ्याच गांवाच्या इतिहासानें शिकविली. जुन्या गॅझेटियरांत नोंद आहे कीं, निंबाळकरांच्या अमदानींत यावल हें जाड्याभरड्या देशी कागदासाठीं आणि निळीसाठीं प्रसिद्ध होतें. पुढें गिरणीचा कागद आला आणि यावलचा कागद गेला. निळीचेंहि तेंच झालें. त्यांत कागद करणाऱ्यांचीं घरें बसलीं हें दुःख खरें. पण गिरणीच्या स्वस्त कागदावरच आमच्या आजोबांच्या पिढीनें अक्षरें गिरविलीं हेंहि तितकेंच खरें.

गेल्या सत्रांत मीं द्वितीय वर्षाच्या वर्गाला याच विषयावर निबंध लिहावयास सांगितला. गांवांत किल्ला आहे, म्हातारीं माणसें आहेत, वाचनालयांत गॅझेटियर आहे; दोन दिवसांचें काम. तीसएक निबंध आले. त्यांतील बहुतेक कोणत्या ना कोणत्या फुकट मिळालेल्या सेवेकडून लिहवून आणलेले होते, आणि मराठी मोठी गुळगुळीत होती, माझ्याहिपेक्षां निर्दोष. एका निबंधांत यावलचा कागद पेशव्यांच्या दरबारांत जात होता. दुसऱ्यांत तो बांबूचा होता. तिसऱ्यांत त्याच्या जनकाचें नांवसुद्धां दिलें होतें, जें कोणत्याहि कागदपत्रांत मला सांपडलें नाहीं. तीन यंत्रांनीं तीन इतिहास रचले, आणि तिन्ही सारख्याच आत्मविश्वासानें! ही, वाचकहो, चढाओढ. हिच्यांत खरें सांगणाऱ्यास बक्षीस नाहीं. जो आधीं व गोड बोलेल त्याला आहे. मीं विद्यार्थ्यांस रागें भरलों नाहीं. जें त्यांच्या हातांत सर्वांनीं मिळून कोंबलें तें त्यांनीं वापरलें.

पण खरी निराळी गोष्ट ही नव्हे. चुका आज आहेत, उद्यां कमी होतील. गिरणीच्या कागदानें यावलच्या कागदाला मारलें, तरी त्या कागदावर कोणीं काय लिहिलें हें गिरणीच्या मालकाला कधीं कळलें नाहीं. हा नवा कागद लिहिलेलें वाचतो. मुलगी आपल्या लग्नाविषयींची काळजी त्याला सांगते, शेतकरी कर्जाचा हिशेब सांगतो, विद्यार्थी आपल्या तावडी किंवा अहिराणी बोलींत प्रश्न विचारतो. आणि त्या शब्दांवर यंत्र अधिक शहाणें होऊन उद्यां तेंच विकावयास येऊं शकतें. अठरा महिन्यांचें दान कशाच्या बदल्यांत, या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. लिहितां-वाचतां न येणाऱ्या आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलानें व भाच्यानें कागदावर उतरून घेतल्या म्हणून १९५२ सालीं आपल्यापर्यंत आल्या. घरच्या माणसांनीं त्या घरच्या माणसाच्या नांवानें राखल्या. आज एखाद्या बाईचे बोल यंत्राच्या पोटांत गेले तर तेथून ते कोणाच्या नांवानें बाहेर पडतील?

'मग काय मोबाइल तापींत फेंकावा?' असा उपहास माझ्या सहकाऱ्यांनीं केलाच. नाहीं. उपाय आहे, व तो एकदां झालेलाहि आहे. फेसबुकनें २०१५ सालीं रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्यानें गरिबांस मोजकीच संकेतस्थळें फुकट दाखविणारी योजना आणली व पुढें तिला फ्री बेसिक्स असें नांव दिलें. तेव्हांहि भाषा परोपकाराचीच होती. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, लक्षावधि लोकांच्या नांवें एकाच साच्याचीं पत्रें दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे गेलीं. परंतु कांहीं तरुणांनीं प्रश्न नीट समजून घेऊन लोकांपुढें मांडला, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं प्राधिकरणानें इंटरनेटच्या दरांत असा भेदभाव करण्यास मनाई केली. त्याच आठवड्यांत ती योजना भारतांतून गुंडाळली गेली. त्यामुळें गरीब इंटरनेटला मुकला काय? त्याच वर्षीं तो अधिक स्वस्त झाला.

त्या नियमाचा रोख इंटरनेटच्या दरावर होता. येथें सेवाच फुकट वांटली जाते व ती मोबाइलच्या रिचार्जला जोडली जाते. म्हणून नियम नवा लागेल. फुकट मुदत संपण्यापूर्वीं ग्राहकाला पुन्हां विचारल्यावांचून पैसे घेतां येऊं नयेत. एका यंत्राजवळ सांगितलेलें दुसऱ्याकडे नेतां यावें, आणि नको तें पुसतां यावें. तार पुरविणाऱ्यानें एकाच कंपनीची सेवा ग्राहकाच्या माथीं मारूं नये. आणि यूपीआयची मुदत आतां तरी तिसऱ्यांदा लांबवूं नये. यांपैकीं एकहि मागणी क्रांतिकारक नाहीं. परंतु त्या करावयाच्या कोणीं? विद्यापीठांनीं, ग्राहकसंस्थांनीं, साहित्यसंमेलनांनीं! मराठीच्या अभिजात दर्जासाठीं आम्ही वर्षानुवर्षें ठराव केले, ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं तो मिळाला, आणि आमचें घसे बसेपर्यंत अभिनंदन झालें. त्याच मराठीचें बोलणें कोणाच्या कोठारांत भरलें जात आहे, यावर त्या आवाजाचा चवथा हिस्सा तरी ऐकूं यावयास हवा होता.

माझ्या वाणिज्यवाल्या सहकाऱ्यांविषयीं एक राहिलें. त्यांनीं अशीच एक फुकट सेवा घेतली, आणि घेतांना मुदतीनंतर खात्यांतून आपोआप पैसे जाण्यास संमति दिली. ती कोणत्या तारखेला संपते असें मीं विचारलें, तेव्हां त्यांनीं मोबाइल काढून बराच वेळ शोधलें. तारीख सांपडली नाहीं. मग त्यांनीं ती त्या यंत्रालाच विचारली.